तोंडी, तोंडाळ आणि मौखिक

भाषाविचारात विशेषणाच्या वाट्याला नेहमी मागची पंगत आली आहे. नामाचा अर्थ आणि क्रियापदाचा व्यापार यांची चिकित्सा करून झाल्यावर जी काही जागा उरेल तीत विशेषणाचा विचार आटोपायचा, अशी आपल्या व्याकरणग्रंथांची सामान्य रीत. त्यातही शरीराच्या अवयवांवरून बनलेली विशेषणे म्हणजे वाक्प्रचारांच्या पुस्तकाचा माल, असे गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात या समजाला हरकत घ्यावयाची आहे. अवयववाचक शब्दापासून विशेषण कसे बनते आणि ते कोणत्या थरात राहते, हा प्रश्न अनुवाद, परिभाषा आणि शिक्षण या तिन्ही क्षेत्रांच्या मुळाशी जाणारा आहे. इंग्रजीने तो एका विशिष्ट ऐतिहासिक कारणाने एका विशिष्ट प्रकारे सोडविला. ते कारण आपल्याला लागू नसताना आपण ती सोडवणूक मात्र उचलली, आणि तिची किंमत आज भारतीय भाषांतून शिकणारा विद्यार्थी व न्यायालयाच्या पायरीवर उभा असलेला साधा माणूस मोजीत आहे, असे माझे मत आहे.

हा विषय परका नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. पाणिनीने अवयववाचक शब्दांची दखल स्वतंत्र सूत्रांनी घेतली आहे. 'तेथे असणारे' या अर्थी अवयववाचक शब्दाला यत् प्रत्यय लागतो, असे तो चौथ्या अध्यायात (४.३.५५) सांगतो; आणि 'त्याला हितकर' या अर्थीही तोच प्रत्यय लागतो, असे पाचव्या अध्यायात (५.१.६) नोंदवितो. दातांच्या ठिकाणी असणारे ते दंत्य आणि दातांना हितकर तेही दंत्य. म्हणजे वर्णोच्चाराचे शास्त्र आणि दंतमंजन या दोहोंची सोय एकाच शब्दाने झाली. देहाचे अवयव ही विशेषणनिर्मितीची वेगळी खाण आहे आणि तिचे नियम वेगळे सांगावे लागतात, ही जाणीव आपल्या परंपरेत इतकी जुनी आहे.

आता इंग्रजीकडे पाहू. या भाषेत बहुतेक महत्त्वाच्या अवयवांना दोन विशेषणे असतात. एक घरचे, एक पाहुणे. हाताचे घरचे विशेषण हँडी, पाहुणे मॅन्युअल. नाकाचे नोझी आणि नेझल. तोंडाचे माउथी आणि ओरल. दातांचे टूथी आणि डेंटल. ओठांचे लिपी आणि लेबिअल. मेंदूचे ब्रेनी आणि सेरेब्रल. हृदयाच्या घरी तर तीन पिढ्या एकत्र नांदतात: जर्मानिक कुळाचे हार्टी, लॅटिनमधून आलेले कॉर्डिअल आणि ग्रीकमधून आलेले कार्डिॲक. घरच्या विशेषणांचा ई हा प्रत्यय जुन्या इंग्रजीतील इग् या प्रत्ययाचा वंशज आहे, तर पाहुण्यांच्या शेवटी ऐकू येणारा अल् हा लॅटिनचा आहे. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचच्या द्वारे आणि पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत विद्वानांच्या लेखणीतून थेट लॅटिनमधून अशा शब्दांची मोठी आवक झाली.

एवढे सर्वपरिचित आहे. परंतु या दोन थरांनी काम कसे वाटून घेतले, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. ओरल म्हणजे निव्वळ तोंडाशी संबंधित. त्यात निंदा नाही, स्तुती नाही. माउथी म्हणजे मात्र उलट उत्तरे देणारा, तोंडाचा फटकळ. डेंटल शस्त्रक्रिया असते, टूथी हसू असते. नेझल उच्चार असतो, नोझी शेजारीण असते. मॅन्युअल श्रम असतात. हँडी माणूस असतो, नाही तर हाताशी सापडणारे हत्यार असते. घरच्या शब्दाने स्वभाव सांगावा आणि पाहुण्याने संबंध सांगावा, अशी ही वाटणी आहे. सदैव अशीच होती असे नव्हे. चॉसरने आपल्या एका कथेतील निकोलस नामक विद्यार्थ्याला पुन्हा पुन्हा जे हेंडे हे विशेषण लावले आहे, तेही हाताच्याच कुळातील. 'हाताशी असणारा, जवळचा' या अर्थापासून ते 'सफाईदार, सुजन' या अर्थापर्यंत पोहोचले होते. आणि चॉसरच्या उपरोधाचे सारे मर्म या दोन अर्थांमधल्या अंतरात आहे. घरच्या विशेषणाचा ओढा स्वभावाकडे असतो, याचा हा सहा शतकांपूर्वीचा दाखला.

हा ओढा का असावा? माझ्या मते त्याचे कारण व्याकरणात नसून तर्कात आहे. विशेषण काही नवे सांगते म्हणूनच ते वापरावयाचे. ज्याच्यापाशी धन आहे त्याला धनवान म्हणण्यात अर्थ आहे, कारण धन सर्वांपाशी नसते. पाय, दात, केस, तोंड ही मात्र सर्वांनाच असतात. 'पायवाला माणूस' म्हटल्याने ज्ञानात कोणती भर पडते? म्हणून अवयवावरून बनलेले विशेषण निव्वळ असणे सांगू शकत नाही. ते एक तर अतिरेक सांगते, नाही तर गुणदोष सांगते. लेगी म्हणजे पाय असलेली नव्हे, तर लांबच लांब पायांची. हेअरी म्हणजे केस असलेला नव्हे, तर अंगभर केस असलेला. असणेच सांगावयाचे झाले तर इंग्रजीला आणखी एक शब्द जोडावा लागतो. नुसते 'आइड' ती म्हणत नाही, 'ब्लू-आइड' म्हणते. आपल्याकडचा बहुव्रीही समास नेमके हेच काम करतो.

मराठीतील देशी विशेषणे या तर्काला तंतोतंत अनुसरतात. नाकाड, दाताळ, केसाळ, हाडकुळा यांत अतिरेक किंवा डोळ्यांत भरणारेपणा आहे. तोंडाळ, अंगचोर, डोकेबाज, पोटभरू यांत गुणदोष आहेत. पायाळू या शब्दाने तर पायांच्या बाजूने जन्मलेल्या माणसाभोवती लोकसमजुतींचे सबंध वर्तुळ उभे केले आहे. या यादीत एकच शब्द वरवर नियमाबाहेरचा दिसतो, तो म्हणजे डोळस. डोळे तर सर्वांनाच. मग डोळस ही प्रशंसा कशी? कारण असे की, डोळे असून न पाहणारे पुष्कळ असतात, असा त्या शब्दाचा अभिप्राय आहे. तेथे असणे हाच गुण ठरला. ज्यांना दृष्टी नाही त्यांच्यावर या शब्दाने नकळत अन्याय होतो, ही गोष्ट आजच्या वाचकाला खटकेल आणि खटकावी. परंतु शब्दाची घडण समजून घेतल्याखेरीज तो अन्यायही नीट दिसणार नाही.

गुणदोष कोणत्या अवयवात राहतात याविषयी मात्र भाषांचे एकमत नाही. इंग्रजाचे धैर्य आतड्यांत असते, म्हणून धाडसी माणूस गट्सी. मराठी माणसाचे आतडे तुटते ते मायेने. आतड्याचे नाते म्हणजे रक्ताचे, जिव्हाळ्याचे नाते. आपले धैर्य छातीत असते, काळजात असते, आणि हृदय या शब्दापासूनच उतरलेल्या हिय्यातही असते. काळीज हा शब्दही मुळात यकृताचा वाचक. पुढे तो हृदयाकडे सरकला. शेक्सपिअरच्या मॅक्बेथने घाबरलेल्या सेवकाच्या पांढऱ्या पडलेल्या यकृताचा उद्धार केला आहे, म्हणजे त्या काळच्या इंग्रजीतही शौर्य यकृतात मुक्कामाला होते. इंग्रजी नाकात चौकसपणा राहतो, आपल्या नाकात अब्रू. म्हणून नोझीला आपण भोचक म्हणतो आणि त्या शब्दात नाकाचा मागमूस नसतो. इंग्रजीचा उद्धटपणा गालात, म्हणून तो चीकी. आपला तोंडात, म्हणून तो मुजोर. हिंदीतील मुँहज़ोरचेच ते मराठी रूप आहे. एका भाषेच्या दोन प्रदेशांतही एकमत होतेच असे नाही. नर्व्ही म्हणजे इंग्लंडात घाबरट आणि अमेरिकेत आगाऊ. सारांश, अवयवाला अवयव देऊन विशेषणाचा अनुवाद होत नसतो. हे अनुवादकाला सहसा सांगावे लागत नाही. त्याला सांगावे लागते ते थराविषयी, आणि तेथेच आपली खरी फसगत होते.

मराठीत ओरल या विशेषणाला दोन प्रतिशब्द आहेत, तोंडी आणि मौखिक. तोंडी परीक्षा, तोंडी पुरावा, तोंडी हिशेब हे शब्द घराघरांत रुळलेले आहेत. मौखिक परंपरा, मौखिक साहित्य हे विद्वानांचे. आता तोंडी आणि तोंडाळ हे शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहावे. दोन्ही एकाच देशी नामापासून बनले. ई प्रत्यय लागला की निर्विकार संबंध कळतो, आळ प्रत्यय लागला की अतिरेक आणि दोष कळतो. म्हणजे जो भेद दाखविण्यासाठी इंग्रजीला माउथी घरून आणि ओरल रोमहून आणावा लागला, तो भेद मराठीने एकाच घरातील दोन प्रत्ययांनी दाखविला. इंग्रजीने आपला घरचा प्रत्यय स्वभाववर्णनाला देऊन टाकला, आणि संबंध दाखविण्यासाठी तिच्यापाशी घरचे साधन तोकडे उरले; म्हणून तिला लॅटिनचा दुसरा मजला चढवावा लागला. आपल्यावर ती वेळ आली नव्हती.

यावर असा आक्षेप येईल की, ई प्रत्यय प्रत्येक अवयवाला लागत नाही. हाती म्हणजे हातात. ते हाताचे विशेषण नव्हे, आणि नाकी हा शब्द नऊ येण्यापलीकडे फारसा जात नाही. हे खरे आहे. परंतु मराठीपाशी चा हा प्रत्यय आहे, आणि तो निर्विकार संबंधाचे काम थकवा न येता करतो: दातांचा डॉक्टर, हाडांचा दवाखाना, कानाची तपासणी. शिवाय जेथे वक्त्याला गुण सांगावयाचा असतो तेथेही हाच प्रत्यय उभा राहतो: हाडाचा शिक्षक, पोटचा मुलगा, हलक्या कानाचा राजा. स्वतः इंग्रज माणूसही रोजच्या व्यवहारात लॅटिनच्या वाटेस जात नाही. डोळ्यांच्या रुग्णालयाला तो आय हॉस्पिटल म्हणतो, हृदयविकाराला हार्ट डिसीझ म्हणतो. ऑक्युलर आणि कार्डिॲक हे शब्द तो डॉक्टरच्या चिठ्ठीवर वाचतो. आपण मात्र इंग्रजीचे अनुकरण करताना तिच्या बोलीचे केले नाही, तिच्या चिठ्ठीचे केले.

संस्कृत शब्दांना माझा विरोध नाही. तसा तो असणे मराठीच्या अभ्यासकाला शोभणारही नाही. दंतवैद्य, नेत्रदान, हृदयविकार, हस्ताक्षर हे शब्द संस्कृतच आहेत आणि ते कोणालाही अडत नाहीत. अडतात ते वेगळ्या जातीचे शब्द. सामासिक शब्दात अवयवाचे नाव आपले रूप शाबूत ठेवून उभे असते. हृदयविकार या शब्दात हृदय दिसते. तद्धित प्रत्ययाने आदिस्वराची वृद्धी झाली की हृदयाचे हार्दिक होते आणि मुखाचे मौखिक होते. सामान्य माणसाच्या कानाला तेथे मूळ अवयव ऐकू येत नाही. हार्दिक या शब्दात हृदय आहे हे लग्नपत्रिका छापणाऱ्या किती जणांच्या ध्यानात असते? हार्ट आणि कॉर्डिअल यांच्यातील नाते जसे सामान्य इंग्रजाला कळत नाही, तसेच हे. फरक इतकाच की, इंग्रजीत ते नाते इतिहासाने तोडले आणि आपल्याकडे परिभाषेच्या समित्यांनी तोडावयास घेतले आहे. परिभाषेसंबंधी आजवर संस्कृत की देशी, असा वाद झाला. वस्तुतः वाद शब्दाच्या कुळाचा नसून पारदर्शकतेचा असावयास हवा. ज्या शब्दात अवयव दिसतो तो स्वीकारावा, मग तो संस्कृत असो, फारसी असो की खेड्यातला असो.

अवयववाचक विशेषणाचे थर आणि अर्थ न पाहता भाषांतर केले की काय होते, याचे एक उदाहरण भारतविद्येच्या इतिहासातच आहे. ट, ठ, ड, ढ, ण या वर्णांना आपल्या शिक्षाग्रंथांनी मूर्धन्य म्हटले. मूर्धा म्हणजे मस्तकाचा माथा. येथे तोंडाच्या पोकळीचे छत अभिप्रेत आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज संस्कृतज्ञांनी या शब्दासाठी सेरेब्रल हे लॅटिन विशेषण रूढ केले. मोनिअर विल्यम्ससारख्यांच्या व्याकरणांतून ते शिकविले गेले. परंतु सेरेब्रल म्हणजे मेंदूचे! मस्तकाऐवजी मस्तिष्क आले, आणि मराठीचा ण मेंदूतून उच्चारला जाऊ लागला. व्हिटनीने १८७९ च्या आपल्या संस्कृत व्याकरणात ही संज्ञा नाकारून जिभेवरून बनलेली लिंग्वल ही संज्ञा वापरली. पुढे जिभेच्या उलट्या वळण्यावर आधारलेली रेट्रोफ्लेक्स ही संज्ञा सर्वमान्य झाली. तरीही सेरेब्रल बराच काळ पुस्तकांतून हिंडत राहिले. ते इतके का टिकले? कारण ते भारदस्त होते. घरच्या शब्दाने कोणी 'ब्रेनी व्यंजने' म्हटले असते तर पहिल्याच दिवशी सारा वर्ग हसला असता आणि चूक तेथेच संपली असती. पाहुण्या विशेषणाचा हाच धोका आहे. त्याच्या आवरणाखाली चूक सुरक्षित राहते, कारण ते ऐकताना कोणाच्याही डोळ्यांपुढे अवयव उभा राहत नाही.

आपल्या देशात आज हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहिलेला नाही. संविधानाच्या ३५१ व्या अनुच्छेदाने हिंदीच्या शब्दसमृद्धीसाठी मुख्यतः संस्कृतकडे वळण्याचा निर्देश दिला; १९६१ साली वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन झाला; महाराष्ट्रात १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर प्रशासनाच्या मराठीकरणाला कायद्याचे बळ मिळाले. अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीसह काही भारतीय भाषांतून देण्यास २०२१ मध्ये अनुमती मिळाली. २०२२ च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशात वैद्यकाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रसिद्ध झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. या प्रत्येक टप्प्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु वैद्यकाचे पुस्तक म्हणजे अवयववाचक विशेषणांचे जंगल असते. त्या जंगलातून वाट काढताना प्रत्येक लॅटिन विशेषणापुढे एक वृद्धियुक्त संस्कृत विशेषण मांडण्याचा मोह पडला, तर विद्यार्थ्याच्या पाठीवरचे लॅटिनचे ओझे उतरवून त्या जागी तेवढ्याच वजनाचे दुसरे ओझे ठेवल्यासारखे होईल. अभिजात दर्जाने तर हा मोह वाढण्याचाच संभव अधिक.

न्यायव्यवहाराचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १८७२ च्या साक्ष्यविषयक कायद्यातील ओरल एव्हिडन्स या संज्ञेला मराठीने तोंडी पुरावा म्हटले, हिंदीने मौखिक साक्ष्य म्हटले. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ याने घेतली आहे. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या शेतमजूर बाईला 'तुमचा पुरावा तोंडी आहे' हे वाक्य कळते. आपण बोललो तोच पुरावा, हे तिला त्या शब्दातच सापडते. मौखिक हा शब्द तिला वकिलाकडून समजून घ्यावा लागेल. जो शब्द समजून घेण्यासाठी फी द्यावी लागते तो शब्द कायद्याच्या दृष्टीने कितीही काटेकोर असो, न्यायाच्या दृष्टीने उणाच ठरतो. मराठी न्यायभाषेने तोंडी हा शब्द आजवर जपला आहे. एकरूपतेच्या नावाखाली तो बदलण्याची सूचना कधी पुढे आली, तर तिला विरोध करण्याचे काम भाषेच्या अभ्यासकांनी केले पाहिजे.

एकरूपतेचा युक्तिवाद मात्र हलका लेखून चालणार नाही; या नियतकालिकाच्या वाचकांपुढे तर नाहीच. दंत्य, ओष्ठ्य, तालव्य हे शब्द बंगालीच्या, तेलुगूच्या, मलयाळमच्या अभ्यासकाला सारखेच कळतात. संस्कृत विशेषणांनी भारतीय भाषांना एका सूत्रात बांधले आहे. देशी शब्दांवर भर दिल्यास प्रत्येक भाषा आपापल्या कोपऱ्यात जाऊन बसेल, असे म्हटले जाते. विद्वानांच्या आपसांतील व्यवहारापुरते हे मला मान्य आहे. वर्णोच्चाराच्या संज्ञा बदलाव्यात असे कोणी म्हणणार नाही. परंतु भारतीय भाषांची एकता केवळ संस्कृतच्या वरच्या मजल्यावर नांदते, हे गृहीतक तपासून पाहिले पाहिजे.

पाठ करण्याचेच उदाहरण घ्या. इंग्रजीत पाठांतर हृदयाने होते. बंगालीत पाठ झालेले ते मुखस्थ, हिंदीत कंठस्थ. हे झाले संस्कृत शब्द, आणि त्यांतही एकवाक्यता नाही. एकाने मुख निवडले, दुसऱ्याने कंठ. आता मराठीचा तोंडपाठ पाहा आणि कन्नडचा बायिपाठ पाहा. बायि म्हणजे तोंड. दोन भिन्न कुळांतील भाषांनी आपापल्या घरचा अवयववाचक शब्द घेऊन एकाच साच्यातून एकच शब्द काढला. मत्सराचे स्थान पाहा: मराठीत दुसऱ्याचे बरे झालेले पाहून पोटात दुखते, कन्नडमध्ये होट्टेकिच्चु म्हणजे पोटातली आग, तेलुगूत कडुपुमंट म्हणजे तीच पोटातली आग. कानावर विश्वासून चालणारा माणूस मराठीत हलक्या कानाचा, हिंदीत कानाचा कच्चा, कन्नडमध्ये पितळी कानाचा. इंग्रजीने कानाला स्वभाववर्णनाचे असे विशेषणच दिलेले नाही. एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे, हा विचार मांडला, तेव्हा त्यांच्यासमोर ध्वनी आणि वाक्यरचना यांची साम्ये होती. अवयवांच्या या देशी विशेषणांतही त्या क्षेत्राच्या सीमा उमटलेल्या दिसतात. म्हणजे वरच्या मजल्यावर संस्कृतने जे ऐक्य साधले, त्याहून वेगळे असे एक ऐक्य तळमजल्यावर, स्वयंपाकघरात आणि ओट्यावर, कोणाच्याही आदेशावाचून साधले गेले आहे. ते आपण मोजलेले नाही, एवढेच.

वाङ्मयीन अनुवादात हा तळमजला सर्वांत आधी कोसळतो. मराठी कथेतील सासू सुनेला तोंडाळ म्हणते आणि इंग्रजी अनुवादात ती गॅर्युलस होते. येथे दोन नुकसाने झाली. तोंड गेले हे एक. आणि चुलीपाशी बसलेली बाई लॅटिन बोलू लागली, हे दुसरे. माउथी हा घरचा शब्द इंग्रजीत हजर असताना अनुवादकाला तो सुचत नाही, कारण त्याला इंग्रजीचा वरचा मजलाच शाळेत शिकविलेला असतो. उलट दिशेनेही हेच घडते. हार्टी हसण्याचे मराठीत हार्दिक हास्य केले जाते, तेव्हा खदखदून हसणारा माणूस शुभेच्छापत्र वाचून दाखवीत असल्यासारखा वाटतो. मस्क्युलर या विशेषणाच्या पोटात लॅटिनचा लहानसा उंदीर दडलेला आहे. त्याचा प्रतिशब्द शोधताना आपण स्नायुयुक्त म्हणतो, आणि दंडावर बेडकुळी काढून दाखविणारे मराठी पोर बाजूला राहते. रोमन मुलाच्या दंडात उंदीर पळाला आणि मराठी मुलाच्या दंडात बेडूक उडाला, यात दोन संस्कृतींच्या निरीक्षणशक्तीचे जे साम्य आहे, ते स्नायुयुक्त या शब्दात कोठे सापडावे?

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे. घरच्या थरातील ही विशेषणे निष्पाप नाहीत. तोंडाळ हे विशेषण पुरुषापेक्षा स्त्रीला अधिक सहजपणे चिकटते. डोकेबाज हे बहुधा पुरुषाच्या वाट्याला येते. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने येतात, नकट्याच्या लग्नाला येत असल्याचे ऐकिवात नाही. इंग्रजीतही लेगी हा शब्द बहुतेक वेळा स्त्रीकडे पाहणाऱ्या पुरुषाच्या नजरेतून येतो. समाज कोणाच्या देहाकडे बोट दाखवितो, कोणाच्या बुद्धीकडे, याचा हिशेब या विशेषणांत नोंदविलेला आहे. अनुवादकाने तोंडाळ या शब्दाचे सभ्य लॅटिन केले की तो हिशेबही पुसला जातो. म्हणून घरचा शब्द राखणे म्हणजे त्यातील अन्याय राखणे नव्हे. तो अन्याय वाचकाला दिसेल अशा जागी ठेवणे होय.

मग करावयाचे काय? माझ्या मनात तीन गोष्टी आहेत. पहिली कोशांविषयी. मोल्सवर्थच्या १८३१ व १८५७ च्या आवृत्त्यांपासून मराठी-इंग्रजी कोशांची समृद्ध परंपरा आपल्यापाशी आहे. परंतु आजच्या द्विभाषिक कोशांत विशेषणापुढे केवळ अर्थ दिलेला असतो. अवयववाचक विशेषणापुढे त्याचा थर आणि त्याचा कल, म्हणजे ते संबंध सांगते, अतिरेक सांगते की गुणदोष सांगते, हे नोंदविले पाहिजे. ओरलपुढे तोंडी व मौखिक, आणि माउथीपुढे तोंडाळ, अशी स्पष्ट विभागणी असावी. दुसरी परिभाषेविषयी. जेथे नागरिक, रुग्ण किंवा साक्षीदार हा शब्दाचा ग्राहक आहे, तेथे ज्यात अवयव दिसतो तो शब्दच अधिकृत असावा. जेथे विद्वान हा ग्राहक आहे, तेथे संस्कृत संज्ञा सुखेनैव राहावी. दोन संज्ञा ठेवल्याने गोंधळ होतो हे म्हणणे मला पटत नाही. तोंडी पुरावा आणि मौखिक परंपरा यांनी मराठीत इतकी वर्षे कोणाचा गोंधळ केला? तिसरी गोष्ट अध्यापनाविषयी. केंद्रीय विद्यापीठांच्या भाषाविभागांत एकाच वर्गात आठ-दहा मातृभाषांचे विद्यार्थी बसतात. अशी संधी मुंबई-पुण्यास सहसा मिळत नाही. अवयववाचक देशी विशेषणांचा तुलनात्मक संग्रह हे काम अशा वर्गाइतके चांगले दुसरीकडे कोठे होईल? त्याला प्रयोगशाळा लागत नाही, अनुदान लागत नाही. प्रत्येकाने आपल्या घरातील वृद्ध माणसांचे बोलणे कान देऊन ऐकले पाहिजे, एवढीच त्याची पूर्वअट.

इंग्रजांच्या चीफ या शब्दात लॅटिनमधील मस्तक आहे, आपल्या मुख्य या शब्दात मुख आहे. एकाने डोक्याला प्रमुखपद दिले, दुसऱ्याने तोंडाला. यावरून आपण विचारापेक्षा बोलण्याला अधिक मान देतो, असा निष्कर्ष कोणी थट्टेने काढला तर त्याला माझी हरकत नाही. परंतु तोंडाला एवढा मान दिला असेल, तर त्या तोंडात रोज असणाऱ्या शब्दांनाही थोडा द्यावयास हवा. डिजिटल या विशेषणात लॅटिनमधले बोट आहे. बोटांवर मोजण्यातून अंक आला आणि अंकातून यंत्र आले. त्याच्यासाठी आपण योजलेल्या अंकीय शब्दातील अंक याला संस्कृतात मांडी असाही एक अर्थ आहे. शब्दाने देह सोडला असे वाटत असतानाही तो देहातच कोठेतरी बसलेला असतो. तो कोणत्या अवयवात, कोणत्या मजल्यावर आणि कोणाच्या सोयीसाठी बसला आहे, हे विचारणे हेच तौलनिक अभ्यासकाचे काम. आणि नवी पाठ्यपुस्तके छापखान्यात जाण्यापूर्वीच ते विचारले गेले पाहिजे.